रंग न लावण्याची मजुरी

डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात कारागिराची पत चकाकीवर ठरते. बॉनेटमध्ये बघून भांग पाडता आला पाहिजे, असं आमचे उस्ताद म्हणायचे. बीडला बार्शी नाक्यापाशी मी आयुष्यभर तेच करत आलो. पोचे काढायचे, लांबी भरायची, वॉटर पेपर मारायचा आणि गन चालवायची. त्यामुळे रंग राखायचं काम आलं, तेव्हा हात शिकवलेले आणि काम उलटं, अशी गत झाली.

गाडी म्हणजे महिंद्राची सीजे-थ्रीबी, उंच बॉनेटची जीप. मूळ अमेरिकन विलीस कंपनीचं हरिकेन इंजिन जुन्यापेक्षा उंच, म्हणून बॉनेट वर उचललेलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झालं, आपल्याकडे महिंद्राने पुढेही काढलं. ही जीप पोलीस खात्यात राबलेली. बहात्तरच्या दुष्काळाची धूळ तिने खाल्लेली. पुढे लिलावात निघाली, ती गेवराईकडच्या एका शेतकऱ्याने घेतली. दिवा, भोंगा आधीच उतरवलेला होता. घरी आणल्यावर त्याने वरून पांढरा रंग चढवून घेतला आणि ती ऊस-कापसाच्या कामाला लावली. आता त्याचा मुलगा म्हणत होता, "मामा, आतला पोलिसांचा रंग बाहेर काढा. नवा निळा मारू नका."

सुरुवात मी मडगार्डच्या आतल्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी केली. रुपयाच्या नाण्याएवढी जागा बारीक पेपरने, पाणी लावत, मध्यभागी जास्त आणि कडेला कमी अशी घासली. पाणी पुसल्यावर कडी दिसायला लागली. बाहेर पांढरा, मग गडद निळा, त्याच्या आत किंचित फिका निळा, मग करडट हिरवा, लालसर रेड ऑक्साइड आणि मधोमध टिकलीएवढा उघडा पत्रा. गाडीची सगळी नोकरी त्या एका ठिपक्यात होती. दोन निळे म्हणजे खात्यात असतानाच एकदा रंग झालेला. हिरवा कंपनीचा.

इथे पेच पडला. जुना रंग राखायचा तर कोणता? सगळ्यात जुना हिरवा. पण तो बाहेर काढायचा तर दोन्ही निळे खरवडून टाकावे लागणार. मालकाचंही मन क्षणभर हिरव्याकडे झुकलं. मी म्हटलं, हिरव्या रंगात ती नुसती कारखान्यातून बाहेर पडली. गस्त घातली, बंदोबस्ताला उभी राहिली, साहेबांना घेऊन मांजरसुंब्याचा घाट चढली, ती निळ्या रंगात. म्हणून वरच्या निळ्यावर थांबायचं ठरवलं.

थिनरची चिंधी चालणार नव्हती. वरचा पांढरा आणि खालचा निळा दोन्ही इनॅमलचे, थिनरने दोन्ही फुगले असते. पण नशीब असं, की पांढरा मारणाऱ्याने कामचुकारपणा केला होता. खालच्या रंगाला पेपर न मारता, तेलकट धुळीवरच त्याने ब्रश फिरवलेला. त्यामुळे पांढऱ्याने निळ्याला धरलंच नव्हतं. पातळ पात्याची धार आडवी धरली की पोपडे सुटत होते. त्याच्या जागी मी असतो तर आधी नीट घासून घेतलं असतं आणि निळा रंग कायमचा गेला असता. आम्ही ज्याला चांगलं काम म्हणतो, त्यात किती जुने रंग गटारात वाहून गेले असतील, हा विचार तेव्हापासून पाठ सोडत नाही.

दारावर हात सगळ्यात हळू चालला. पांढऱ्याखालून आधी ‘स’चा दांडा आला, मग उरलेली अक्षरं, ब्रशने लिहिलेली, पिवळी. ‘ल’च्या खाली पेंटरने आखलेली पेन्सिलची रेघ तशीच होती. जुन्या पिवळ्यात शिशाचं क्रोमेट असायचं, म्हणून तिथे कोरडं घासणं वर्ज्य. पाणी, हातमोजे आणि तोंडाला मास्क.

आमच्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पत्रा कोकणासारखा कुजत नाही. पण ऊन रंगातलं बंधन खाऊन टाकतं आणि वर नुसती भुकटी उरते. बॉनेटवर बोट फिरवलं तर बोट निळं होत होतं. तिथे रबिंग कंपाउंडचा बफ लावला तर दहा मिनिटांत चकाकी येईल आणि रंग संपेल. म्हणून सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं आणि मेणाचे पातळ हात एवढंच केलं. गंज होता तिथे टॅनिक ॲसिड लावलं. ते गंजाशी मिळून काळपट, टणक थर धरतं. पंचनाम्यात जशी वस्तू जागची हलवायची नसते, तसं ओरखडे आणि पोचे जिथल्या तिथे ठेवले.

अक्षरं मात्र रस्त्यावर मिरवता येत नाहीत. खासगी गाडीवर ‘पोलीस’ लिहून फिरलं तर गुन्हा अंगावर येतो. म्हणून दारावर बांधायला कापडी झडप शिवून घेतली. चुंबकाची शीट टाळली, तिच्याखाली ओल कोंडते. नोंदणीचं म्हणाल, तर २०२१च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको आणि रोजच्या वापराला बंदी. दुसरीकडे एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुन्हा होत नाही. काही खास गाड्या वगळल्या, तर बाकीच्या भंगारात जाणार. धूर ओकणाऱ्या गाड्या जाव्यातच. पण प्रत्येक जिल्ह्याने एखादी, आहे त्या रंगासकट, मुख्यालयात उभी करावी. ती चालली नाही तरी चालेल.

बिल करताना मजुरी नेहमीच्या रंगकामापेक्षा जास्त निघाली आणि मालाच्या रकान्यात जवळपास काहीच नव्हतं. मालकाने विचारलं, "रंगाचा डबा तर फुटला नाही, मग एवढे कशाचे?" मी सांगितलं, डबा न फोडण्याचेच. बिलाला एक कागदही जोडला. कुठला थर काढला, कुठला ठेवला, ॲसिड कुठे लावलं, मेण कोणतं, सगळं लिहून. पुढे ही जीप ज्या कारागिराच्या हाती जाईल, त्याला निदान कुठे थांबायचं ते कळावं.