बनातली शंकरी

आमचे कुलदैवत बदामीची बनशंकरी. पौषातल्या शाकंभरी नवरात्रात तिच्या दर्शनाला जाण्याचा नेम यजमानांनी हयातभर पाळला. ते गेले, आणि पहिल्याच वर्षी तो मोडला. सोलापूरचे घर बंद करून मी बंगळुरूला लेकीकडे आले होते. माघातल्या एका सकाळी ती म्हणाली, "आई, इथेही बनशंकरी आहे. चल."

कनकपुरा रस्त्यावरचे ते देऊळ १९१५ सालचे. बायका लिंबाच्या फोडी उलटवून त्यांत वाती लावत होत्या. मीही एक दिवा लावला. पण हात जोडताना मनात आलेच, ही माझी नव्हे.

परतताना आतल्या गल्लीत पाऊल थबकले. एक निष्पर्ण झाड अंगभर गुलाबी फुले लेऊन उभे होते. फांद्यांवर पानाचा मागमूस नव्हता. खाली रस्ता गुलाबी, उभ्या रिक्षाचे छतही गुलाबी. "टॅबेबुया," लेक म्हणाली. मराठीत हिलाच वसंतराणी म्हणतात. मूळची ती मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची, हे मागाहून कळले. सातासमुद्रापलीकडून आलेले ते झाड होते नव्हते ते पान गाळून परक्या मातीत असे फुलले होते. आणि मी मात्र देवीलाही परकी ठरवून आले होते!

बन म्हणजे वन, हे जन्मभर ठाऊक होते. त्या दिवशी ते दिसले.

ओंजळभर फुले वेचून मी मागे वळले.

"काय विसरलीस?" लेकीने विचारले.

"नमस्कार," मी म्हणाले.