धक्के आणि हेलकावे

परप्रांतात नोकरी करणाऱ्या माणसाला दोन शब्दकोश जवळ बाळगावे लागतात: एक त्या प्रांताच्या भाषेचा आणि दुसरा तिथल्या मिस्त्र्यांच्या भाषेचा. मोटारीच्या चाकाजवळ तेलाने भरलेली जी नळी असते, जिला इंग्रजीत 'शॉक अ‍ॅब्सॉर्बर' असे भारदस्त नाव आहे, तिला आमच्याकडच्या गॅरेजात 'शॉकप' म्हणतात. इकडे जबलपुरात तिचा 'शॉकर' झाला आहे. धक्का पचविणाऱ्याला धक्का देणारा म्हणण्यात केवढा अन्याय आहे, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. पण हा अन्याय जगात नवा नाही. वरिष्ठांचा राग आणि जनतेचा संताप यांच्या मधोमध बसून दोन्ही सोसणाऱ्या कारकुनालाच लोक सर्व त्रासाचे मूळ समजतात. त्यामुळे या नळीविषयी मला पहिल्यापासून समानधर्म्याचा जिव्हाळा वाटत आला आहे.

आमची मोटार म्हणजे २००९ सालची मारुती ८००. या जातीची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि शेवटची २०१४ च्या जानेवारीत कारखान्याबाहेर पडली. पंधरा वर्षे पुरी होताच तिची नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली; मुदतवाढीचे मोल कारकुनाला कोणी शिकवावे लागत नाही. देहराडूनहून बदली होऊन इथे आल्यावर ती मी एका निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याकडून घेतली, ती मुख्यतः आईसाठी.

आई साताऱ्याचे घर बंद करून माझ्याबरोबर निघाली, त्याला आता दोन बदल्या उलटल्या. बदल्यांविषयी ती कधी चकार शब्द बोलली नाही. बोलत असे ती खड्ड्यांविषयी. मागच्या सीटवर बसून प्रत्येक खड्ड्याचा ती जाहीर समाचार घेई. सातारा सोडल्यापासून तिच्या मते या देशात एकही सरळ रस्ता उरला नव्हता. रस्ता, कंत्राटदार, नगरपालिका आणि शेवटी गाडी हाकणारा मी, असा तो पाढा असे. दोन वर्षांपूर्वी तिच्या कमरेचा एक मणका दबला. डॉक्टरांनी औषधे दिली आणि धक्के टाळा म्हणून सांगितले. गेल्या पावसाळ्यानंतर तिचा पाढा हळूहळू बंद पडला. आणि एके दिवशी गाडीत बसताना ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "एखादी उशी असली तर दे रे." त्या मवाळ आवाजाने मी चपापलो.

संध्याकाळी गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांचा भार देऊन मी तो एकदम सोडून दिला. ही परीक्षा कोणालाही करता येते. नळी शाबूत असेल तर गाडी एकदा वर येते आणि जागेवर बसते. आमची गाडी पाळण्यासारखी डुलत राहिली. खाली वाकून पाहिले, तर नळीच्या अंगावर तेलाचा ओघळ होता आणि त्यावर धुळीचा जाड थर बसला होता.

स्प्रिंग आणि नळी यांची कामे वेगवेगळी आहेत. नळी धक्का झेलते असे लोक समजतात. वस्तुतः तो झेलते स्प्रिंग. चाक खड्ड्यातून उसळले की ती दबते आणि तो जोर स्वतःत साठविते. परंतु साठविलेले परत केल्यावाचून तिला राहवत नाही. ती उलटते, गाडीला वर फेकते, पुन्हा दबते, पुन्हा फेकते. नुसत्या स्प्रिंगवर सोडलेली गाडी एका खड्ड्याचे दहा खड्डे करील. इथे नळीचे काम सुरू होते. तिच्या आत तेल असते, तेलात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक छिद्रे असतात. स्प्रिंग वरखाली होऊ लागली की दट्ट्याला त्या छिद्रांतून तेल ढकलावे लागते. सगळा जोर त्या झटापटीत खर्ची पडतो आणि त्याची उष्णता होते. धक्का टळत नाही. त्याचे हेलकावे तेवढे थांबतात. सील झिजून तेल पाझरले की हीच झटापट ढिली पडते. मग चाक रस्त्याला धरून राहात नाही, टायर ठिकठिकाणी झिजतो, ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर घेते. हे सारे इतके सावकाश घडते की अमुक दिवशी नळी निकामी झाली असे दाखविता येत नाही. आत बसणाऱ्याचे शरीर रोज थोडे थोडे जुळवून घेते.

मारुतीच्या पुढच्या चाकांना स्प्रिंग आणि नळी एकाच उभ्या खांबात बसविलेल्या असतात. त्याला 'स्ट्रट' म्हणतात. ही युक्ती अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनियराची. जनरल मोटर्समध्ये 'शेव्हरोले कॅडेट' नावाच्या लहान मोटारीसाठी त्याने ती योजिली. पण १९४७ साली ती योजनाच गुंडाळण्यात आली. पुढे तो फोर्ड कंपनीत गेला आणि १९५० सालच्या 'फोर्ड कॉन्सल' मोटारीत त्याचा खांब दिमाखाने उभा राहिला. एका कचेरीत दप्तरदाखल झालेले टिपण दुसऱ्या कचेरीत मंजूर व्हावे, यातला आनंद आम्हा मंडळींनाच कळायचा!

महिन्याची अखेर होती, त्यामुळे गॅरेजचा विचार फार वेळ करावा लागला नाही. आमच्या मागच्या गल्लीत एक वृद्ध फिटर राहतात. येथील व्हेइकल फॅक्टरीत, जिथे लष्करासाठी शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या तयार होत, त्यांची हयात गेली. सारा मोहल्ला त्यांना उस्तादजी म्हणतो. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "बाबूजी, कपड़े पुराने हैं न?" पदवीपेक्षा त्यांना तीच पात्रता महत्त्वाची वाटली असावी. मी नव्या स्ट्रटची जोडी आणली. एका बाजूचाच खराब असला तरी दोन्ही बदलावेत, नाहीतर गाडीचा एक खांदा ताठ आणि एक ढिला राहतो.

शनिवारी सकाळी मागच्या चाकांना विटांची अटक लावली, चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच किंचित सैल केले आणि मग जॅक चढविला. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली उस्तादजी बोटसुद्धा घालू देईनात. लोखंडी घोडी लागल्यावरच त्यांनी पाना हाती दिला. चाक निघाले. ब्रेकची रबरी नळी स्ट्रटवरून सोडवून, तिच्यावर ताण येऊ नये म्हणून खालचा भाग तारेने बांधून ठेवला. खालचे दोन बोल्ट गंजून एकजीव झाले होते. त्यांना रात्रीच तेल पाजून ठेवले होते, तरी पान्याच्या दांड्यावर पाईप चढवून जोर करावा लागला.

मग बॉनेट उघडले. कडेचे नट काढण्यापूर्वी उस्तादजींनी मधल्या नटावर बोट ठेवले आणि म्हणाले, "इसको हाथ मत लगाना." दबलेली स्प्रिंग त्या एका नटाने कोंडलेली असते. तो आधी सोडला तर ती गोळीसारखी सुटते आणि माणसाचा जीवही घेऊ शकते. स्ट्रट बाहेर काढून स्प्रिंगला समोरासमोर दोन शिकंजे लावले आणि दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलो. स्प्रिंग वरच्या बैठकीपासून सुटी होऊन हलू लागली, तेव्हा कुठे मधला नट सोडण्याची अनुज्ञा मिळाली. जुन्या नळीचा दांडा मी हाताने दाबला. तो पाण्यात काठी जावी तसा आत गेला आणि तिथेच राहिला. नव्याने मात्र माझ्या दोन्ही दंडांची परीक्षा पाहिली.

रविवारी दुपारपर्यंत दुसरी बाजूही झाली. चाकांची दिशा दुकानातून तपासून घेतली, कारण स्ट्रट बदलला की तीही थोडी ढळते. परतताना मी मुद्दाम खराब रस्ता धरला. घरी येताच उस्तादजींनी चाकाच्या कमानीत हात घालून नव्या नळीला स्पर्श केला आणि मलाही करायला लावला. ती कोमट लागली. ते म्हणाले, "जो ठंडा है, वो काम नहीं कर रहा."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. बदलीचा हुकूम हा धक्काच. तो कोणाच्या अर्जाने टळत नाही. पण धक्का बसल्यावर घर वर्षभर डुलत राहायचे की जागेवर बसायचे, हे घरातल्या एखाद्या माणसावर ठरते. नवे बिऱ्हाड, नवे दूध, नवी शाळा, नवी भाषा, या सगळ्यांतून तो दट्ट्या वरखाली होत असतो आणि सहज तापतो. आपण त्या तापण्याला कुरकुर म्हणतो. आईचा खड्ड्यांवरचा पाढा हा देहराडून आणि जबलपूर पचविल्याची ऊब होती. ती थंड पडत चालली होती, आणि उशी मागणाऱ्या आवाजात मी तेच ऐकले होते.

पुढच्या रविवारी आम्ही भेडाघाटला गेलो. आईची उशी पाठीशी होतीच. स्ट्रट बदलल्याने मणका काही पूर्ववत होत नाही. धुवाँधारचे तुषार तिने डोळे मिटून अंगावर घेतले. येताना एका गतिरोधकावर गाडी उसळली आणि जागेवर बसली. मागून आवाज आला, "कोणी बांधलाय रे हा? माप घेतलं होतं का मेल्यानं?" मी आणि पत्नीने एकमेकांकडे पाहिले. पुढे घरापर्यंत कंत्राटदारांची खैर नव्हती.

येत्या वर्षी पुन्हा बदलीची पाळी आहे. कचेरीत गुवाहाटीचे नाव कुजबुजले जाते. परवा मी ते आईच्या कानावर घातले. तिने वाती वळता वळता थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "तिकडचे रस्ते कसे आहेत म्हणतात?"