नव्या अंकाच्या निमित्ताने

दिवाळीत लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर मिठाई, साड्या, पणत्या सगळे मिळते. मिळत नाही तो मराठी दिवाळी अंक. म्हणून आमच्या छोट्या साहित्यिक अंकाचा हा खटाटोप.

“वाचणार कोण?” हा प्रश्न दरवर्षी येतो. १९५४ साली मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढले, तेही सायक्लोस्टाइल करून. वाचक मूठभरच, पण नव्या कवितेला हक्काची जागा मिळाली. साठच्या दशकात अशोक शहाणे, राजा ढाले अशांनी ही वाट रुंद केली. अशा अंकांना ‘अनियतकालिक’ म्हणतात. नोकऱ्या सांभाळून अंक काढणाऱ्या आम्हाला हा शब्द फारच सोयीचा!

यंदा सूचना आली की मुलांसाठी काही पाने रोमन लिपीत छापावीत. हेतू चांगला, पण मला ते पटले नाही. रोमन अक्षरांत ‘काळा’ आणि ‘काला’ एकच दिसतात. मग गोपाळकाल्याचे काय करायचे? अखेर मुलांची गोष्ट देवनागरीतच, मोठ्या टाइपात छापली आहे. ती आधी तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, मग अंक त्यांच्या हाती द्या.