पोरांच्या तोंडाला काळं फासू नकोस

चि. सोनू,

मोहगावात शाळेच्या गॅदरिंगची तयारी सुरू आहे आणि ‘आफ्रिकन डान्स’ बसवायचं काम तुझ्याकडे आलंय, हे ताईकडून कळलं. आनंद झाला. पण पोरांच्या अंगाला काळा रंग लावायचा, कमरेला पानं बांधायची आणि आरोळ्या ठोकत नाचायचं, असं ठरलंय म्हणे. हे नको करूस, बाळ. ज्यांची नक्कल होणार आहे ती माणसं आपल्यापासून फार लांब नाहीत; मूळ आफ्रिकेतले सिद्दी आपल्याकडेच राहतात.

सिद्दी म्हटलं की आपल्याला पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आठवतो, मुरूडचा जंजिरा आठवतो, फार तर मलिक अंबर. पण आफ्रिकेतून आणलेल्या बहुतेकांच्या वाट्याला ना किल्ला आला, ना दौलत. पोर्तुगीजांच्या गोव्यातून कितीतरी गुलाम पळाले आणि उत्तर कन्नडच्या जंगलात शिरले. त्यांचे वंशज आजही यल्लापूर, हल्याळच्या बाजूला शेतीमजुरी करतात आणि कोकणीच्या वळणाची बोली बोलतात. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिश्चन. पण दम्माम हा ढोल मात्र सगळ्यांचा. आणि त्यांच्या बायका फुगडी घालतात, सोनू! तू आणि मी घालतो ती फुगडी.

गुजरातेत भरूचजवळ रतनपूरच्या टेकडीवर बावा गोरचा दर्गा आहे. तिथल्या सिद्दींचा धमाल हा नाच म्हणजे बावा गोर आणि त्यांची बहीण माई मिसरा यांच्यापुढची भक्ती. नारळ उंच फेकून डोक्यावर फोडतात, ते बघायला गर्दी होते. माझं लक्ष मात्र मलुंग्याकडे जातं. धनुष्याला भोपळा बांधलेलं हे एका तारेचं वाद्य. अशी धनुष्यं आफ्रिकेत वाजतात, आणि गुलामांबरोबर समुद्रापार गेलेलं ब्राझीलचं बेरिंबाउही त्याच कुळातलं.

आता पेरू देशाचं ऐक, कारण तुझ्या कामाचं तिथंच आहे. तिथल्या आफ्रिकी गुलामांपाशी ढोल उरले नाहीत, तेव्हा त्यांनी माल भरायच्या लाकडी पेट्या वाजवल्या, असं सांगतात. त्यातून काहोन घडलं. वादक पेटीवरच बसतो आणि समोरच्या पातळ फळीवर हात मारतो. मध्ये मारलं की खर्ज, काठावर मारलं की कडक बोल. गुलामी १८५४ साली संपली, पण अवहेलना राहिली, आणि पुढे कितीतरी नाच विसरले गेले. ते परत उभे केले व्हिक्टोरिया आणि निकोमेदेस सांता क्रूझ या बहीणभावांनी. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा करून त्यांनी ते रंगमंचावर आणले. रस्त्यातली पोरं ‘काळी’ म्हणून चिडवतात आणि शेवटी ती मुलगी तेच नाव मान वर करून स्वतःचं म्हणते, अशी व्हिक्टोरियाची एक कविता आहे. व्हिक्टोरिया ती तालावर, टाळ्यांच्या साथीनं म्हणायची. तुझ्या पोरांना रंग लावून उभं केलंस, तर तू त्या चिडवणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभी राहशील. तुझ्या वर्गातल्या सावळ्या मुलींना रोज काय ऐकावं लागतं, हे तुला ठाऊक आहेच.

पुढे पेरूत १९६९ साली ‘पेरू नेग्रो’ ही नाचगाण्याची मंडळी उभी राहिली, गायिका सुसाना बाका २०११ साली देशाची सांस्कृतिक मंत्री झाली, आणि पेटीतून घडलेलं काहोन २००१ पासून राष्ट्राचा वारसा ठरलं.

म्हणून माझा बेत असा. पांढुर्णा-सौंसरकडे संत्र्याच्या लाकडी पेट्या कुठे मिळतील, हे मी तुला सांगायला नको. सहा-सात मागून आण. पेरूतल्या फेस्तेहो नावाच्या नाचाची लय सहाच्या हिशेबातली असते. तुमच्या भजनी मंडळातल्या तबलजीला दादरा येतोच, तो ती तासाभरात बसवून देईल. मुली फुगडी घालतील. एक पोरगा पुढे येऊन सांगेल की ही पेटी कुणी, कुठे आणि का वाजवली, आणि फुगडी घालणारे सिद्दी कोण. कपडे पोरांचे घरचेच.

मुख्याध्यापकांनी रंगाचा आग्रह धरला, तर मला फोन कर, मी बोलते त्यांच्याशी. आणि पेट्यांचे खिळे आधी ठोकून घे, पोरांचे हात सोलतील.

तुझी,
मावशी