निष्कर्ष सगळ्यात शेवटी

शोधनिबंध हातात आला की माझा डावा तळहात आपोआप सारांश झाकतो. ही खोड आमच्या फार्माकॉलॉजीच्या मॅडमची. जर्नल क्लबमध्ये त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "प्रायमरी आउटकम काय ठरवला होता?" तो 'मेथड्स'मधून हुडकून समासात पेन्सिलीने लिहायचा, मग टेबल बघायचं. कुणी थेट निष्कर्ष वाचू लागलं की म्हणायच्या, "अगं, निकाल शेजाऱ्याला काय विचारतेस? मार्कशीट बघ की!"

औषध कंपन्यांची एमआर मंडळी गुळगुळीत रिप्रिंट ठेवून जात. मॅडमना तेवढं निमित्त पुरे. पॅरोक्सेटिनची 'स्टडी ३२९' त्यांनीच आम्हाला वाचायला लावली. २००१ साली छापलेली, नैराश्य असलेल्या २७५ किशोरवयीनांवरची चाचणी. एका गटाला पॅरोक्सेटिन, दुसऱ्याला इमिप्रामिन, तिसऱ्याला प्लासिबो. निष्कर्ष असा, की पॅरोक्सेटिन गुणकारी आहे आणि सहसा सोसतं.

समासात आम्ही दोन मुख्य निकष, म्हणजे प्रायमरी आउटकम, लिहिले. पहिल्यात औषधाने ६६.७ टक्के मुलांना उतार, प्लासिबोने ५५.२, पी व्हॅल्यू ०.११, म्हणजे फरक ठोस नाही. दुसराही फसलेला. सारांशात मात्र भलतीच चार मोजमापं दिमाखात उभी होती. नापास विषय वगळून गुणपत्रिका वाचून दाखवावी, तसा प्रकार. वर्गात हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांचं बोट दुष्परिणामांच्या भागावर होतं. गंभीर त्रास पॅरोक्सेटिनच्या ९३ मुलांपैकी ११ जणांना, प्लासिबोच्या ८७ पैकी दोघांना. काही नोंदी 'इमोशनल लॅबिलिटी' म्हणजे भावनिक अस्थिरता म्हणून, कंसात जेमतेम 'उदाहरणार्थ, आत्महत्येचे विचार वा कृती'. "म्हणजे त्या पोरांना नेमकं झालं काय?" कुणालाच सांगता येईना. कुणाला नेमकं काय झालं, ते निबंधात नव्हतंच.

पुढे २०१० मध्ये पॅरिसच्या इझाबेल बुट्रॉन आणि सहकाऱ्यांनी मुख्य निकषात ठोस फरक न सापडलेल्या ७२ चाचण्या तपासल्या. ४२ सारांशांच्या निष्कर्षांवर मुलामा निघाला. मला आकड्याचं नवल वाटलं नाही. मॅडमच्या हाताखाली शिकलेल्या कुणालाच वाटलं नसतं.

२०१५ मध्ये 'बीएमजे'त 'स्टडी ३२९'ची मूळ कागदपत्रं धुंडाळून केलेलं फेरविश्लेषण आलं. औषधाचा गुण प्लासिबोहून सरस नव्हता, आणि त्या मोघम नोंदींखाली निबंधात दाखवले होते त्याहून जास्त आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न दडले होते. मॅडम तोवर निवृत्त झाल्या होत्या. मी फोन करून सगळं वाचून दाखवलं. शाबासकी वगैरे काही नाही; त्यांनी एवढंच विचारलं, "मूळ निबंध मागे घेतला का गं?"

घेतला नव्हता.