ज्ञानेश्वर : तीस बाइट

कर्निघन आणि रिची यांनी १९७८ साली सी भाषेवर जे पुस्तक लिहिले, त्याच्या पहिल्याच प्रकरणात एक इवलासा प्रोग्रॅम आहे. आत येणारे अक्षर वाचावे, जसेच्या तसे बाहेर लिहावे, पुन्हा पुढचे वाचावे. अक्षरे संपली की थांबावे. एवढेच. वाचण्याचे काम 'गेटचार' नावाचे फंक्शन करते. शिरूरला एका क्लासात टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर आम्ही तो प्रथम चालवला, तेव्हा यंत्राला वाचता येते अशी आमची प्रामाणिक समजूत झाली. ती मोडायला बरीच वर्षे लागली, आणि मोडली ती शिरूरात नव्हे, भीमेपलीकडे दौंड तालुक्यात.

गेटचारबद्दल क्लासात एक गोष्ट घोकून घेतली होती. त्याने दिलेले उत्तर अक्षराच्या डब्यात ठेवू नये, पूर्णांकाच्या मोठ्या डब्यात ठेवावे. बाइटाच्या २५६ किमती असू शकतात आणि त्या सगळ्याच वैध. मग 'संपले' हे सांगणारी खूण त्यांच्याबाहेरची, २५७वी हवी. आम्हाला हे पटले ते दौंड जंक्शनमुळे. आजोळी जाताना फलाटावर उभे राहून मालगाड्या पाहणे हा आमचा जुना छंद. शेवटच्या डब्यामागे 'एलव्ही' अशी पाटी असते. ती दिसली की गाडी पूर्ण गेली, मागे काही तुटून राहिले नाही, असे रेल्वेचा माणूस समजतो. पाटी म्हणजे काही आणखी एक डबा नव्हे. मागे काही राहिले नाही ना, हे पाहायची सवय मात्र आम्ही त्या फलाटावरून उचलली नाही.

आजोळच्या गावातील एका दूधसंस्थेचे चिठ्ठ्या छापण्याचे काम मामांनी आमच्या गळ्यात घातले होते. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. प्रत्येक उत्पादकाच्या तीन ओळी : नाव, गाव, रक्कम. नावासाठी आम्ही तीस बाइटांची जागा ठेवली होती. तो काळ श्रीलिपी आणि तत्सम फॉन्टांचा. त्यांत अक्षराचा एकेक तुकडा एका बाइटात मावे, त्यामुळे तीस म्हणजे ऐसपैस वाडा वाटे. पुढे संस्थेने यादी यूनिकोडात नव्याने टंकून घेतली. प्रोग्रॅम बदलावा लागेल का, असे सचिवांनी विचारले होते. आम्ही म्हणालो, बाइटच तर वाचायचे आहेत, बदलायचे काय त्यात?

यूटीएफ-८ ही केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेली पद्धत. तीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे : व्यंजन वेगळे, काना वेगळा, अनुस्वार वेगळा, पाय मोडणारा हलन्तही वेगळा. शिरूरची पाच चिन्हे, पंधरा बाइट. दौंडची चार, बारा बाइट. आम्ही चाचणी घेतली ती राम आणि सीता या नावांवर आणि याच दोन गावांवर. सारे सुरळीत झाले.

यादीत एकोणिसावे नाव ज्ञानेश्वर होते. शाळेतले पोर चार अक्षरे मोजेल : ज्ञा, ने, श्व, र. यंत्राकडे ती दहा चिन्हे होतात : ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. बरोबर तीस बाइट. ओळ वाचणारे 'एफगेट्स' एक जागा शेवटच्या शून्यासाठी राखते आणि एकोणतीसच वाचते. म्हणजे शेवटच्या 'र'चा तिसरा बाइट बाहेर राहिला. बाहेर राहिला म्हणजे नाहीसा झाला, असे नव्हे. प्रवाहात तो पुढच्या वाचणाऱ्याची वाट पाहत थांबतो. 'गाव' वाचायला गेलेल्या प्रोग्रॅमने तो उरलेला बाइट गाव म्हणून उचलला. 'रक्कम' वाचायला गेला त्याला गाव मिळाले. अक्षरांतून आकडा काढणाऱ्या फंक्शनला आकडा सापडला नाही की ते मुकाट्याने शून्य देते, तसे त्याने दिले. खरी रक्कम पुढच्या माणसाचे नाव झाली. तेथून यादीच्या शेवटापर्यंत सगळ्यांची रक्कम शून्य.

चिठ्ठ्या न पाहताच वाटल्या गेल्या. आम्ही त्या संध्याकाळी तेथेच होतो. धोतर-टोपीतले ते गृहस्थ चिठ्ठी घेऊन पुढे आले. नावाच्या शेवटी एक काळा चौकोन आणि खाली शून्य. ते यंत्राबद्दल काहीच बोलले नाहीत. "साहेब, फॅट लागली नाही काय?" त्यांनी हळूच विचारले, आणि मागच्या रांगेकडे एकदा पाहिले. दूध घालणाऱ्या माणसाला भर रांगेत शून्य मिळणे म्हणजे काय, हे ज्याने डेअरीची रांग पाहिली आहे त्याला सांगायला नको. पाणी घातले, असाच त्याचा अर्थ निघतो. "बाबा, दूध चांगलंय, चूक आमची आहे," आम्ही म्हणालो, तेही जरा उशिराच. सचिवांनी हाताने लिहिलेली वही काढली आणि दिवेलागणीपर्यंत वहीवरून पगार वाटला. गाव त्यांना माऊली म्हणते. पाच चिन्हे, पंधरा बाइट. गाव हाक मारते त्या नावाने ते आमच्या डब्यात आरामात बसले असते.

दुरुस्ती म्हटले तर सोपी. ओळ पुरी वाचली गेली नसेल तर ओळीचा शेवट येईपर्यंत एकेक बाइट गेटचारने वाचून टाकावा. कापायचेच असेल तर १२८ ते १९१ या किमतींचे बाइट सोडत मागे यावे, म्हणजे चिन्ह मध्ये तुटत नाही. पण चिन्ह न तोडताही 'ज्ञानेश्व' उरतेच. यंत्राच्या लेखी ते निर्दोष. जोडाक्षर हे एकच अक्षर धरावे, हा देवनागरीसाठीचा नियम यूनिकोडच्या मूळ विभाजनात आला तोसुद्धा २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत. मराठी शाळेत पहिलीच्या मुलाला जे कळते त्याला एवढा वेळ लागला, याचे आम्हाला हसू येते. पण आमच्याच प्रोग्रॅमची आठवण होऊन ते फार टिकत नाही.

शेवटी आम्ही कापणेच बंद केले. नावाला दोनशे बाइट दिले, आणि तेवढ्यातही न मावल्यास प्रोग्रॅमने थांबून ओळीचा क्रमांक सांगावा, अशी व्यवस्था केली. सचिवांना हे आवडले नाही. मध्येच थांबणारे यंत्र काय कामाचे, असे त्यांचे म्हणणे. आमचे मत अजूनही असे, की मुकाट शून्यापेक्षा थांबलेले यंत्र बरे.

चाचणीची यादीही बदलली. तीत आता पहिले गाव शिरूर तालुक्यातले तळेगाव ढमढेरे आहे. मधल्या मोकळ्या जागेसह सदतीस बाइट. तेथून या संस्थेला थेंबभरही दूध येत नाही.