शिल्लक आणि आवक

तोरणमाळला यशवंत तलावाकाठची संध्याकाळ पाहावी, असे कोणीसे सांगितले होते. ती पाहिली, आणि म्हणूनच उतरायला रात्र झाली. नंदुरबार जिल्ह्यातले हे ठिकाण सातपुड्यात ११०० मीटरांहून उंच. शहाद्याकडे उतरणारा घाट वळणावळणांचा, आणि आमचे वाहन म्हणजे एक जुनी पिकअप. अर्ध्या घाटात तिचे दिवे पिवळे पडू लागले. एका अंगाला दरी, सौभाग्यवतींच्या मांडीवर झोपलेली मुलगी, आणि समोर बॅटरीचा लाल दिवा पेटलेला!

"बॅटरी गेली!" मी निदान केले.

"नवीच आहे, सर," चालकदादा म्हणाला. गाडी कडेला घेऊन त्याने बॅटरीच्या तारा हलवून पाहिल्या, घट्ट होत्या. मग मीटर लावला. इंजिन चालू असता १४ व्होल्टच्या आसपास हवेत. काटा १२ च्याही खाली.

"एक तार काढून पाहा ना!" माझे ऐकीव ज्ञान.

"जुन्या डायनॅमोला चालून जायचं. आता अल्टरनेटर जळेल."

उताराच्या भरवशावर त्याने इंजिन बंद केले आणि फॅनबेल्ट दाबला. तो झोळीसारखा आत गेला! बेल्ट घसरत होता, अल्टरनेटर पुरता फिरत नव्हता. पान्याने बोल्ट ढिला करून, पहारीने अल्टरनेटर मागे रेटून त्याने बेल्ट ताणला. गाडी उतारावर सुरू झाली. काटा १४ वर, दिवे लख्ख!

"बॅटरी म्हणजे शिल्लक, सर. आवकच थांबली तर ती किती पुरणार?"

"ऐकलंत?" सौभाग्यवती म्हणाल्या. "महिनाअखेरीस तुम्ही दोष मात्र माझ्या डब्याला देता!"

शहादा येईपर्यंत मी दिव्यांकडेच पाहत होतो.